जुनी गाडी नावावर होईपर्यंत: इंदूरकरांसाठी फसवणूक, कलमं आणि तक्रारीचा रस्ता

कायद्यापुढे गाडीचा मालक म्हणजे आरटीओच्या नोंदीत ज्याचं नाव आहे तो. मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम २(३०) हेच सांगतं, आणि जुन्या गाडीच्या व्यवहारातली बहुतेक लबाडी याच एका ओळीच्या आडून चालते. पैसे एका दिवशी हातबदल होतात, चावीही त्याच दिवशी जाते. नाव मात्र महिनोन्‌महिने बदलत नाही, कधीकधी बदलतच नाही. मधल्या काळात गाडी कोणाच्या हातात आणि ती कोणाच्या गळ्यात, हा सगळा घोळ आहे.

मी वकील नाही. घरातल्या गाड्यांची नामांतरं आणि माझ्या मेहुण्यांची एक फौजदारी तक्रार यापायी नायता मुंडल्याचं आरटीओ, थाना आणि जिल्हा कोर्ट अशा फेऱ्या झाल्या. त्यात जे कळलं ते क्रमाने लिहितो. मेहुण्यांनी आपली कार एका कार बाजारवाल्याकडे दिली होती. त्याने फॉर्म २९ आणि ३० वर (मालकी बदलाचे आरटीओचे फॉर्म) कोऱ्या सह्या घेतल्या आणि म्हणाला, "भिया, आठ दिन में नाम चढ़ जाएगा." गाडी पुढे कोणाकडे गेली हे त्यांना कळलं ते दुसऱ्या जिल्ह्यातल्या थान्याची नोटीस घरी आल्यावर. तुमच्या गाडीने एका माणसाला धडक दिली आहे, चालवत कोण होतं ते सांगा, अशी ती नोटीस. कलम १३३ खाली असं विचारण्याचा पोलिसांना अधिकार आहे आणि उत्तर देणं नोंदणीकृत मालकाला बंधनकारक आहे.

१. आधी जोखीम कोणाची आहे ते समजून घ्या

विकणारा म्हणतो, "मी तर गाडी देऊन टाकली." दोघांच्या आपापसातल्या व्यवहारापुरतं ते खरं आहे. गाडी जंगम मालमत्ता आहे, सौदा आणि ताबा झाला की विक्री होते. पण रस्त्यावर तिसऱ्याचं नुकसान झालं की हिशेब बदलतो. नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ६ फेब्रुवारी २०१८ ला स्पष्ट केलं की गाडी हातोहात कितीही वेळा विकली गेली तरी नोंदीत ज्याचं नाव तोच मालक, आणि अपघाताची भरपाई त्याच्यावरच येते. अपघातग्रस्ताने गाडीच्या विक्रीची साखळी शोधत फिरावं, अशी कायद्याची अपेक्षा नाही.

चलानं तुमच्याच नावाने येणार, हे तर सगळ्यांना माहीत असतं. त्याहून जड गोष्ट कलम १९९-अ ची. अल्पवयीन मुलगा गाडी चालवताना गुन्हा घडला तर पालक किंवा गाडीमालकाला ३ वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड आणि गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. ज्याने ती स्कूटर घेऊन पोराच्या हातात दिली तो कुठे असेल कोण जाणे, नोंदीत मालक तुम्ही असता.

घेणाऱ्याची जोखीम वेगळी. चोरीच्या गाडीवर चोराचा हक्क नसतो, म्हणून त्याच्याकडून घेणाऱ्यालाही तो मिळत नाही. तुम्ही पूर्ण किंमत मोजलीत, मनात काही काळंबेरं नव्हतं, तरी खरा मालक उभा राहिला की गाडी त्याची. पैसे ज्याला दिले त्याच्या मागे तुम्ही फिरायचं.

२. पैसे देण्याआधी गाडी आणि नोंद जुळवा

परिवहन पोर्टलवर किंवा एमपरिवहन ॲपवर नंबर टाकून मालकाच्या नावाची अक्षरं, नोंदणीची तारीख, इंधन, विमा आणि बँकेचा बोजा आहे का ते बघा. ई-चलानच्या साइटवर थकबाकी बघा. राष्ट्रीय गुन्हे नोंद ब्युरोच्या डिजिटल पोलीस पोर्टलवर चोरीच्या गाड्यांची नोंद तपासून तसं प्रमाणपत्र काढता येतं. त्याला इंजिन आणि चेसिस नंबर लागतो. ते छापून फाइलला लावा, पुढे तुमचा हेतू स्वच्छ होता हे दाखवायला उपयोगी पडतं.

आता चेसिस नंबर. इथे घाई करू नका, कारण खरी चोरी इथेच सापडते. बाइकचा नंबर बहुतेक वेळा हँडलच्या खाली, फ्रेमच्या गळ्यावर ठोकलेला असतो. कारमध्ये तो पुढच्या सीटखाली, गालिचा उचलला की दिसतो, किंवा इंजिनमागच्या पत्र्यावर. कागदी टेप त्यावर घट्ट चिकटवा आणि पेन्सिल आडवी धरून हळूहळू घासा. अक्षरं कागदावर उमटतात. आरटीओत चेसिसचा पेन्सिल प्रिंट लावतात तो असाच घेतलेला असतो. प्रिंट उजेडात धरून बघा: सगळे आकडे एका रेषेत आहेत का, खोली सारखी आहे का. कारखान्यातला ठसा एकसारखा असतो. हाताने ठोकलेला एखादा ३ किंवा ८ तिरका पडतो, नाहीतर जास्त खोल जातो. आजूबाजूला घासल्याच्या बारीक रेषा किंवा फक्त तेवढ्याच पट्टीवर ताजा रंग दिसला की सौदा तिथेच सोडा. चेसिस नंबर १७ अक्षरांचा असतो आणि त्यात आय, ओ आणि क्यू ही इंग्रजी अक्षरं येत नाहीत. एकदा एका प्रिंटमध्ये मला स्पष्ट क्यू दिसला होता. समोरचा तरीही शपथेवर सांगत होता की कंपनीनेच तसा दिला.

चेसिस नंबर इतका बारकाईने बघण्याचं कारण 'टोटल लॉस'चा धंदा. अपघातात चक्काचूर झालेली गाडी भंगाराच्या भावात उचलायची, तिचे खरे कागद ठेवायचे, आणि त्याच मॉडेलची चोरलेली गाडी आणून तिच्यावर जुना नंबर ठोकायचा. पोर्टलवर सगळं हिरवं दिसतं. फसवणूक फक्त लोखंडावर दिसते. असे नंबर जुळले नाहीत तर कलम ५५(५) प्रमाणे आरटीओ नोंदणीच रद्द करू शकतं. २०१९ च्या दुरुस्तीतल्या १९२-ब मध्ये खोट्या कागदांवर नोंदणी मिळवणाऱ्या मालकाला किमान सहा महिने, जास्तीत जास्त एक वर्ष कैद, शिवाय वार्षिक कराच्या दहापट किंवा आजीवन कराच्या दोन तृतीयांश, यातलं जास्त असेल तेवढा दंड सांगितला आहे.

३. लागणारे कागद

विकणाऱ्याकडून:
- मूळ नोंदणी पुस्तिका किंवा कार्ड
- फॉर्म २९ च्या दोन प्रती आणि फॉर्म ३०, दोन्ही पूर्ण भरलेले
- चालू विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र
- कर्ज असेल तर बँकेचं ना-हरकत पत्र आणि बोजा उतरवण्याचा फॉर्म ३५
- दुसऱ्या राज्यात किंवा दुसऱ्या आरटीओकडे न्यायची असेल तर फॉर्म २८ वरचं ना-हरकत प्रमाणपत्र
- ओळख आणि पत्त्याचा पुरावा, आधारला जोडलेला चालू मोबाइल नंबर

घेणाऱ्याकडून: ओळख, पत्ता, पॅन किंवा त्याऐवजीचा फॉर्म, फोटो, चेसिस प्रिंट.

मालक वारलेला असेल तर २९-३० चालत नाहीत. फॉर्म ३१, मृत्यू प्रमाणपत्र आणि वारसांची संमती लागते. मृत्यूनंतर ३० दिवसांत आरटीओला कळवायचं आणि तीन महिन्यांत नाव बदलून घ्यायचं. आपल्याकडच्या घरांमध्ये हे सर्रास चुकतं. वडील गेले, स्कूटर दारात पडून आहे, गिऱ्हाईक आलं, मोठ्या मुलाने वडिलांचीच सही हुबेहूब करून दिली. घरातल्या कोणालाही त्यात पाप वाटत नाही. पण मेलेल्या माणसाची सही म्हणजे बनावट दस्तऐवज, आणि मृत्यूची तारीख सरकारी नोंदीत असल्यामुळे तो सिद्ध करायला हस्ताक्षरतज्ज्ञसुद्धा लागत नाही. भावंडांमध्ये वाटणीवरून बिनसलं की हीच सही पहिल्यांदा बाहेर येते.

आधारची झेरॉक्स देताना तिच्यावर आडवं लिहा: "फक्त अमुक क्रमांकाच्या गाडीच्या नामांतरासाठी", तारीख आणि सही. अक्षरं फोटोवरून जाऊ द्या, म्हणजे ती कापता येत नाहीत.

४. ताबा देण्याच्या दिवशी

कोऱ्या फॉर्मवर सही नाही. एजंट कितीही हसला तरी नाही. घेणाऱ्याचं नाव, पत्ता, तारीख, रक्कम भरल्यावरच सही. नाव कोरं ठेवलं की तीच गाडी त्याच सह्यांवर दोन-तीन हातांतून फिरते आणि मधल्या कोणाचाही मागमूस राहत नाही.

ताबा पावती वेगळी लिहा. त्यात गाडीचा नंबर, चेसिस आणि इंजिन नंबर, मीटरचं वाचन, तारीख आणि वेळ. होय, वेळ. संध्याकाळी ५ ला दिलेली गाडी रात्री ९ ला कुठे आपटली तर या एका ओळीवर बरंच अवलंबून राहतं. दोन साक्षीदारांच्या सह्या घ्या, घेणाऱ्याचा गाडीसोबत फोटो काढा, त्याच्या लायसन्सची प्रत ठेवा. मेहुण्यांकडे कोऱ्या सह्यांच्या व्यवहारातही कार बाजारवाल्याच्या शिक्क्याची, वेळ टाकलेली अशी पावती होती. फौजदारी चौकशीत "गाडी त्या दिवशी आमच्या ताब्यात नव्हती" हे दाखवायला तिचाच आधार झाला. भरपाईच्या दाव्यात मात्र नाव त्यांचंच राहिलं. विमा चालू होता म्हणून निभावलं.

पैशाबद्दल: चेक असेल तर तो वटून खात्यात रक्कम दिसेपर्यंत गाडी देऊ नका. पैसे पाठवल्याचा स्क्रीनशॉट म्हणजे पैसे नव्हेत. चेक परत आलाच तर बँकेचा मेमो मिळाल्यापासून ३० दिवसांत लेखी नोटीस, मग त्याला १५ दिवस, आणि नंतरच्या एका महिन्यात निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ ची तक्रार, ही मुदत पाळावी लागते. शिक्षा दोन वर्षांपर्यंत कैद किंवा चेकच्या दुप्पट दंड, किंवा दोन्ही.

फास्टॅग बंद करा. विम्याचा नो-क्लेम बोनस तुमचा असतो, गाडीचा नाही. तो कंपनीकडून लिहून घ्या.

५. १४ दिवस आणि ३० दिवस

कलम ५० प्रमाणे एकाच राज्यातला व्यवहार असेल तर विकणाऱ्याने १४ दिवसांत फॉर्म २९ ने आरटीओला कळवायचं आणि त्याची प्रत घेणाऱ्याला द्यायची. घेणाऱ्याने ३० दिवसांत फॉर्म ३० करायचा. लोक समजतात नामांतर हे फक्त घेणाऱ्याचं काम. तसं नाही. तुमचा २९ तुम्ही स्वतः पाठवा. पोर्टलवर अर्ज झाला असेल तर अर्ज क्रमांक टिपून ठेवा, नाहीतर रजिस्टर्ड पोस्टाने प्रत पाठवून पावती सांभाळा. आधारच्या ओटीपीने दोघांची ओळख पटवली की बरंचसं काम घरबसल्या होतं. तेवढ्यासाठी दलालाला मोठी रक्कम देण्यात अर्थ नाही, सरकारी फी पोर्टलवर दिसते. ओटीपी मात्र स्वतः टाका, फोनवर कोणाला सांगू नका. तो सांगणं म्हणजे कोऱ्या फॉर्मवर सही करणंच आहे.

घेणाऱ्याने विमा कंपनीला १४ दिवसांत कळवायचं असतं (कलम १५७). तिसऱ्या पक्षाचा विमा आपोआप नव्या मालकाकडे गेला असं धरलं जातं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा दावा पॉलिसी नावावर नसेल तर अडकतो. चोरी झाल्यावर हे कळणं फार महागात पडतं.

आपल्याकडे एमएच पासिंगच्या गाड्या खूप येतात. पुण्याचा भाचा गाडी बदलतो, जुनी इंदूरला मामाकडे पाठवतो. घरचाच मामला म्हणून ना-हरकत प्रमाणपत्र कोणी काढत नाही. दुसऱ्या राज्यात गाडी १२ महिन्यांपेक्षा जास्त राहिली की कलम ४७ प्रमाणे नवा क्रमांक घ्यावा लागतो, आणि त्याआधी मूळ आरटीओचं कलम ४८ चं प्रमाणपत्र. इथला रोड टॅक्स भरावा लागतो, महाराष्ट्रात भरलेल्यातला परतावा तिकडे मागावा लागतो. "टॅक्स वाचवून देतो" म्हणून कोणी इंदूरच्याच पत्त्यावर एमपी-०९ चे तयार कागद आणून दिले तर समजा की ते बनावट आहेत.

गाडी डीलरला देत असाल तर एक चांगली सोय १ एप्रिल २०२३ पासून आहे. परिवहन विभागाकडून अधिकृत प्रमाणपत्र घेतलेल्या डीलरला गाडी दिली की फॉर्म २९-क ने तशी नोंद पोर्टलवर होते आणि तेव्हापासून तो डीलर मालक मानला जातो. गाडी त्याने फक्त चाचणी, दुरुस्ती वगैरेसाठीच बाहेर काढायची आणि फेऱ्यांची नोंद ठेवायची. तुमचा कार बाजारवाला हे प्रमाणपत्र दाखवत नसेल तर गाडी त्याच्या अंगणात ठेवण्याचं काही कारण नाही.

६. नेहमीचे सापळे

जाहिरातीतला फौजी. महू जवळ असल्यामुळे इंदूरकराला ही कहाणी पटकन खरी वाटते: बदली झाली, गाडी स्वस्तात काढायची आहे, छावणीतून पार्सलने पाठवतो, आधी बयाणा टाका. ओळखपत्राचा फोटोसुद्धा येतो. गाडी डोळ्यांनी पाहिल्याशिवाय एक रुपयाही नाही. पैसे गेलेच तर लगेच १९३० ला फोन करा. उशीर झाला की रक्कम पुढच्या खात्यांत पांगते.

किरायाची गाडी. स्वतः चालवायला म्हणून भाड्याने घेतलेली कार तिसऱ्याकडे गहाण टाकायची किंवा विकायची. "कागद आठवड्यात देतो, तोवर निम्मे पैसे द्या" हे त्याचं लक्षण. मूळ मालकाला समोरासमोर भेटल्याशिवाय व्यवहार नको.

कर्जाची गाडी. बँकेच्या लेखी संमतीशिवाय कलम ५१ प्रमाणे नामांतर होत नाही, म्हणून बनावट ना-हरकत पत्र छापतात. पत्र ज्या शाखेचं आहे तिथे स्वतः जाऊन खात्री करा. पत्रावर छापलेल्या फोन नंबरवर करू नका, तो नंबरही त्यांचाच असतो.

विकून चोरीची तक्रार. सौदा झाल्यावर भाव कमी मिळाला म्हणून किंवा विम्यासाठी विकणाराच थान्यात गाडी चोरीला गेल्याचं लिहून देतो. घेणाऱ्याने ताबा पावती आणि बँकेची नोंद दाखवली की उलट विकणाऱ्यावरच येतं. सरकारी नोकराला खोटी माहिती देणं हे भारतीय न्याय संहितेच्या कलम २१७ खाली, आणि कोणाला अडकवण्यासाठी खोटा आरोप करणं २४८ खाली गुन्हा आहे.

७. कोणत्या कृत्याला कोणतं कलम

१ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू आहे. त्याआधी घडलेल्या व्यवहाराला जुनी भारतीय दंड संहिताच लागते, तक्रार आज केली तरी. थान्यात अजून सगळे ४२० च म्हणतात, म्हणून जुने आकडेही देतो.

खोटं बोलून पैसे किंवा गाडी काढून घेतली: ३१८(४), पूर्वीचं ४२०. सात वर्षांपर्यंत कैद आणि दंड, दखलपात्र, अजामीनपात्र. दुसऱ्याच्या नावाने, म्हणजे खोटा मालक किंवा खोटा फौजी बनून: ३१९(२), पाच वर्षांपर्यंत.

विश्वासाने सोपवलेली गाडी किंवा विक्रीचे पैसे हडप केले: ३१६(२), पूर्वीचं ४०६. नव्या कायद्यात शिक्षा तीनवरून पाच वर्षांपर्यंत गेली. दलाल, व्यापारी किंवा एजंटने धंद्याच्या नात्याने असं केलं तर ३१६(५), जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत.

बनावट कागद: फसवण्यासाठी बनवले तर ३३६(३), सात वर्षांपर्यंत. खोटी नोंदणी पुस्तिका, आरटीओचं खोटं ना-हरकत प्रमाणपत्र, खोटं आधार यांना ३३७ नेमकं बसतं, कारण ते सरकारी कागद म्हणून दाखवले जातात. तेही सात वर्षांपर्यंत. बनावट आहे हे माहीत असून वापरला तर ३४०(२), शिक्षा बनवणाऱ्याएवढीच. 'मी फक्त जमा केला' हा एजंटचा बचाव इथे टिकत नाही, त्याला माहीत होतं एवढं दाखवता आलं पाहिजे. पोलीस कधी ३३८ ही लावतात (पूर्वीचं ४६७, जन्मठेपेपर्यंत). गाडीचा कागद त्यात बसतो का यावर कोर्टात वाद होतो.

चोरीची गाडी ठेवून घेणं: ३१७(२), तीन वर्षांपर्यंत. "माहीत असून किंवा माहीत असायला कारण असून" असे शब्द आहेत. बाजारभावाच्या निम्म्याने, कागदाशिवाय, रात्री घेतलेली गाडी म्हणजे कारण असणंच. हाच धंदा करणाऱ्याला ३१७(४), जन्मठेप किंवा दहा वर्षांपर्यंत. टोळी असेल तर संघटित गुन्ह्याच्या कलम १११ मध्ये वाहनचोरीचा उल्लेखच आहे.

आणि निव्वळ वेळेवर नामांतर न करणं? तो फौजदारी फसवणुकीचा गुन्हा नाही. मोटार वाहन कायद्याखालचा दंड आहे. घेणारा आळशी आहे की लबाड, हे ठरल्याशिवाय ३१८ मागू नका.

८. "ये तो सिविल मामला है"

हे वाक्य तुम्हाला ऐकावं लागणार आहे. कधी ते टाळण्यासाठी असतं, कधी बरोबरही असतं. फसवणूक ठरायला सौद्याच्या सुरुवातीलाच बेइमानी होती हे दिसलं पाहिजे. नंतर पैसे देता आले नाहीत, तर तो करारभंग, दिवाणी मामला. सर्वोच्च न्यायालयाने २००० साली हृदय रंजन प्रसाद वर्मा प्रकरणात हाच फरक सांगितला. म्हणून अर्जात सुरुवातीच्या खोटेपणाच्या खुणा आधी लिहा: खोटा पत्ता, दुसऱ्याचं आधार, त्याच गाडीचा आणखी कोणाशी केलेला सौदा, सौद्याच्या दिवशीच बंद झालेला मोबाइल. रडगाणं नंतर.

दुसरी चूक, ३१८ आणि ३१६ दोन्ही एकाच गोष्टीला ठोकणं. ऑगस्ट २०२४ मध्ये दिल्ली रेस क्लब प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की फसवणूक आणि विश्वासघात एकाच घटनेत एकत्र नांदत नाहीत. पहिल्यात बेइमानी सुरुवातीपासून असते, दुसऱ्यात सोपवणं प्रामाणिकपणे होतं आणि नंतर नियत फिरते. मेहुण्यांनी गाडी विकायला सोपवली होती, म्हणून आमच्या वकिलांनी विश्वासघातावर भर दिला. कोऱ्या फॉर्मवर भरलेल्या खोट्या नावासाठी बनावटीची कलमं वेगळी मागितली.

अर्ज हिंदीत लिहा, इथलं सगळं कामकाज हिंदीत चालतं. तारखांच्या क्रमाने, दोन पानांत. सोबत ताबा पावती, बँकेची नोंद, व्हॉट्सॲपचे संदेश, पोर्टलवरच्या नोंदीची छापील प्रत. मूळ कागद देऊ नका. आपल्या प्रतीवर थान्याचा शिक्का आणि आवक क्रमांक घ्या.

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे घटना कुठल्याही थान्याच्या हद्दीत घडली असली तरी शून्य क्रमांकाने गुन्हा नोंदवता येतो. इलेक्ट्रॉनिक पद्धतीने दिली तर तीन दिवसांत सही करायची. एफआयआरची प्रत मोफत मिळते. तीन वर्षं किंवा जास्त पण सातपेक्षा कमी शिक्षेच्या गुन्ह्यात वरिष्ठांच्या परवानगीने १४ दिवसांची प्राथमिक चौकशी करता येते, त्यामुळे ३१६(२) च्या तक्रारीत ती झाली तर घाबरू नका. नोंदवलंच नाही तर तक्रार लेखी वरिष्ठांकडे. इंदुरात डिसेंबर २०२१ पासून पोलीस आयुक्तालय आहे, म्हणून आपल्या झोनच्या पोलीस उपायुक्तांकडे. तरीही नाही, तर मग शपथपत्रासह मॅजिस्ट्रेटकडे १७५(३) चा अर्ज. वरिष्ठांकडे गेल्याचा पुरावा नसेल तर तो अर्ज लटकतो, म्हणून पोस्टाची पावती जपा. तपास कुठवर आला हे ९० दिवसांत कळवणं पोलिसांना बंधनकारक आहे.

मध्येच समोरचा तडजोडीला येतो. ३१८(४) मध्ये कोर्टाच्या परवानगीने तडजोड होते. पैसे खात्यात आल्याशिवाय कसल्याही कागदावर सही करू नका. गाडी नावावरून उतरल्याची पोर्टलवरची नोंद हीदेखील तडजोडीची अट ठेवा, फक्त पैसे पुरत नाहीत.

डीलरने फसवलं असेल तर ग्राहक आयोगाचा रस्ता वेगळा आहे आणि तो फौजदारीबरोबर चालू शकतो. मोजलेली रक्कम ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोग. शेजाऱ्याकडून घेतलेल्या गाडीसाठी हा रस्ता नाही, तो व्यापारी नव्हे.

९. गाडी थान्यात जमा झाली तर

जप्त गाडी पावसात सडते, टायर बसतात, बॅटरी जाते. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात सांगितलंय की अशा गाड्या दीर्घकाळ थान्यात ठेवू नयेत, जामीनपत्र घेऊन सोडाव्यात. अर्ज नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ किंवा ४९७ खाली, गुन्हा ज्या थान्याचा त्याच्या मॅजिस्ट्रेटकडे. इथे पुन्हा नोंदीतलं नाव पुढे येतं. नामांतर झालेलं नसेल तर बहुतेक वेळा गाडी नोंदणीकृत मालकाला मिळते आणि पैसे मोजलेला माणूस पावती हातात घेऊन उभा राहतो. विकणारा चांगला असेल तर त्याच्याकडून हरकत नसल्याचं शपथपत्र आधीच घ्या.

अर्जासोबत नोंदणी, विमा आणि गाडीचे चारही बाजूंचे फोटो लावा. सुपुर्दनाम्यावर (मागाल तेव्हा हजर करीन अशा लेखी हमीवर) सुटलेली गाडी कोर्टाच्या परवानगीशिवाय विकता येत नाही, रंग बदलता येत नाही, आणि बोलावणं येईल तेव्हा आहे त्या अवस्थेत हजर करावी लागते. ताबा घेताना थान्याच्या आवारातच मीटरचं वाचन, बॅटरी आणि स्टेपनी पंचनाम्याशी जुळवून घ्या. काही कमी असेल तर सही करण्याआधी त्याच कागदावर लिहा.